गुन्ह्याची पावती

डहाणूला कचेरीबाहेर माझं टेबल होतं. अर्ज लिहून देणं, झेरॉक्स जोडून फाईल बांधून देणं, हे माझं काम. मी सायवनच्या पुढच्या डोंगरातली, बारावी पास आणि तोंडाने फटकळ. पालघर जिल्हा नवा झाला त्या वर्षी तर माझी चलती होती, कारण कुठला कागद ठाण्याला राहिला आणि कुठला पालघरला आला, हे कुणालाच कळेना. मी सांगायचे. सातबारा हवा तर तलाठी, तो महसूलचा माणूस. ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा, त्याच्याकडे सातबारा मागू नका, तो घरपट्टी बघतो. आश्रमशाळेचं काम असेल तर प्रकल्प कार्यालय. आणि जंगलाची हद्द लागली की तलाठी संपला, तिथून पुढे वनखातं. "अगं मावशी, सगळी खाती एकाच सरकारची, पण एकमेकांशी बोलत नाहीत. निरोप्या तूच!" लोक हसायचे. मला वाटायचं, सरकार मला तोंडपाठ आहे. डोंबलाचं तोंडपाठ! घरचाच दावा मला सोडवता आला नाही.

ओढ्याच्या वर आमचा दीड एकराचा तुकडा आहे. आजोबांपासून तिथे आम्ही नाचणी पिकवतो, पण जमीन वनखात्याच्या हद्दीत. वनहक्काचा कायदा आला तेव्हा बाबांनी दावा टाकला. दोन हजार पाच सालाच्या आधीपासून कसत असल्याचा पुरावा दाखवा, जमिनीचा हक्क मिळवा, असं सगळं सोपं होतं. ग्रामसभेने दावा मंजूर करून प्रांतसाहेबांच्या समितीकडे पाठवला. तिथून तो कलेक्टरच्या समितीकडे जायचा. मधेच जिल्हा तुटला आणि फाईल कुठल्या कपाटात पडली कोण जाणे. शेवटी एक पत्र आलं: पुरावा अपुरा, सुनावणीस हजर राहावे.

ओढ्यापलीकडच्या शेजाऱ्याला मात्र पट्टा मिळाला. जमीन तेवढीच, नाचणीही तीच. पण त्याच्याकडे वनखात्याच्या दंडाच्या तीन पावत्या होत्या. जंगलात अमक्या साली बेकायदा शेती केली, असं सरकारनेच शिक्का मारून लिहून दिलेलं. आयुष्यभर त्या पावत्यांची लाज वाटून त्याने त्या पत्र्याच्या पेटीत दडवल्या होत्या, आणि ऐनवेळी त्याच उपयोगी पडल्या. आमच्या घरावर एकही गुन्हा नव्हता. आई हे आख्ख्या गावाला अभिमानाने सांगायची.

गुन्हा नव्हता याचं कारण आमचे गार्डकाका. मी लहान असताना ते वनरक्षक म्हणून आमच्या भागात होते. पेरणीच्या दिवसांत वही घेऊन यायचे आणि शेजाऱ्याचं नाव लिहायचे, कारण तो त्यांच्याशी हुज्जत घालायचा. मग आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. आई नाचणीची भाकर टाकायची, माझी धाकटी बहीण डहाणूहून आणलेली सुकट परतायची. जेवून झाल्यावर वही पिशवीत घालत काका म्हणायचे, "तुझ्यासारख्या साध्या माणसावर कशाला केस करू? मी काही बघितलंच नाही." बाबा हात जोडायचे. केवढे उपकार वाटायचे आम्हाला त्याचे!

रिटायर होऊन ते विवळवेढ्याला घर बांधून राहिले होते. पत्र आल्यावर मी आणि बाबा त्यांच्याकडे गेलो. मी म्हटलं, "काका, पावती नसली तरी त्या काळच्या गार्डाचा जबाब चालेल. तुम्ही एवढंच सांगायचं की बाबा तेव्हा तिथे शेती करत होते."

"अगं पोरी, हे काय सांगायला पाहिजे? माझ्या डोळ्यांदेखत कसलंय त्याने," काका म्हणाले आणि बाबांच्या पाठीवर हात ठेवला.

सुनावणीच्या दिवशी आईने त्यांच्यासाठी डबा दिला. भाकर आणि सुकट. काकांनी कचेरीच्या व्हरांड्यात तो हसत घेतला. मग आम्ही आत गेलो. प्रांतसाहेबांनी विचारलं, "तुमच्या काळात हा माणूस तिथे शेती करत होता?"

काकांनी बाबांकडे बघितलं नाही. म्हणाले, "नाही साहेब. असता तर मी गुन्हा लिहिला असता. माझ्या वहीत याचं नाव नाही."

मी उभीच राहिले. पुढचं सगळं एका झटक्यात माझ्या लक्षात आलं. शेती बघितली म्हणाले असते, तर लगेच दुसरा प्रश्न आला असता, मग लिहिली का नाहीत? पेन्शन खाणारा माणूस स्वतःच्या गळ्यात चौकशी कशाला अडकवून घेईल? हे मला आधी सुचायला हवं होतं. दुनियेला खाती समजावून सांगणारी मी, आणि त्या खात्यातला माणूस काय बोलेल हे मला कळू नये? त्यांचा राग आला, माझा जास्त आला. मी ओरडले, "काका, आमच्या ओट्यावर बसून जेवलात ना हो तुम्ही?" शिपायाने मला बाहेर काढलं. काका दुसऱ्या दाराने निघून गेले. केसाने गळा कापला त्या माणसाने, आणि तोही एवढ्या मऊ आवाजात.

घरी गेल्यावर आईने आधी डब्याचं विचारलं. डबा काकांकडेच राहिला होता.

दावा फेटाळला गेला. मी जिल्ह्याला अपील केलं. त्यांनी पुन्हा तोच पुरावा मागितला. बाबा दरवर्षीसारखी नाचणी लावत राहिले. कचेरीबाहेरच्या टेबलावर मी अजून अर्ज लिहायचे, पण थट्टा करणं सोडलं.

एकोणीस साली आमच्याकडे नवी गार्ड आली, माझ्याच वयाची बाई. रोपं लावायच्या दिवसांत ती वर आली, तेव्हा बाबा चिखलाच्या हातांनीच तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, गुन्हा लिहा," ते म्हणाले. "माझं नाव लिहा, पावती द्या."

ती चपापली. मी म्हटलं, "बाबा, आता लिहून काही फायदा नाही. दोन हजार पाचच्या आधीची लागते."

"उद्या दुसरा कायदा आला तर?" बाबा माझ्यावर खेकसले आणि पुन्हा तिच्याकडे वळले. "लिहा बाई. पाया पडतो तुमच्या."

तिला त्यांची दया आली असावी. तिने वही पिशवीत टाकली. "काका, तुमच्यासारख्या साध्या माणसावर मी केस करू होय? जाऊ द्या, मी काही बघितलंच नाही." मग ओट्यावर टेकत ती आईला म्हणाली, "मावशी, जरा पाणी देता का?"

आमच्या ओट्यावरून आजवर कुणी तहानलेलं गेलेलं नाही. आई जागची उठली नाही.