खडक कधी थंड झाले
माझे शेजारी निवृत्त भूवैज्ञानिक. भूकवचाच्या हालचालींच्या प्रारूपावरून एखादा खडक कधी थंड झाला असावा, याचे भाकीत करणारी संगणकप्रणाली त्यांनी एकट्याने रचून सर्वांना खुली केली होती. ती कोणी वापरते की नाही, हे मात्र त्यांना वर्षानुवर्षे कळले नव्हते.

"दादा, फुकटच्या वस्तूला कोण विचारतं?" त्यांची धाकटी बहीण फोनवर चिडवीत असे.

काल ते हर्षभरित होऊन माझ्या दारात उभे राहिले. "चूक सापडली! उंच पर्वतावरही मी सपाटीइतकीच ऊब धरली होती. खडक उगाच तरुण ठरत होते. परदेशातल्या एका मुलीनं कळवलंय."

"दुरुस्त केलीत?"

"लगेच! आणखी चुका शोध, असंही लिहिलंय तिला."

आज जिन्यात भेटले, तेव्हा म्हणाले, "तिचं उत्तर नाही. चूक मी इतक्या लगेच दुरुस्त करायला नको होती; तिची आणखी दोन पत्रं तरी आली असती."