बिनतव्याच्या कौसाकाकू

अवसरी खुर्दला खोली घेतली, त्या दिवशी घरमालकीणबाईंनी मला विचारलेला पहिला प्रश्न नावाचा, गावाचा किंवा लग्नाचा नव्हता. "पावणं, इस्त्री हाय का?" बॅग अजून माझ्या खांद्यावर होती. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये शिकवायला हजर व्हायचं होतं, त्यामुळे इस्त्री बॅगेत वरच होती. बाईंना साडी कडक करायची असेल, असं समजून मी ती देऊन टाकली. पंधरा मिनिटांनी जिऱ्या-मिरचीचा खमंग वास आला म्हणून मागच्या दारी गेलो, तर माझी इस्त्री दोन विटांच्या मध्ये उताणी पडलेली आणि तिच्या पोटावर तांदळाच्या पिठाचं धिरडं चुरचुरत होतं. धिरडं बरोबर इस्त्रीच्या आकाराचं, पुढे टोक आणि मागे सपाट.

"ग्यास संपलाय," त्या म्हणाल्या. "टोकाकडनं खावा. तिथं कुरकुरीत झालंय."

ह्या कौसाकाकू. पुढे कित्येक महिने माझ्या शर्टांना जिऱ्याचा वास येत होता आणि वर्कशॉपमधली पोरं मला सकाळी दहालाच डब्यात काय आहे ते विचारायची. मी त्या घरात पाच वर्षं राहिलो, पण काकूंच्या लेखी शेवटपर्यंत पावणाच राहिलो.

काकूंचं माहेर तळेघरचं, भीमाशंकरच्या अंगाचं. तिकडे एस्टीची वाट बघण्यापेक्षा चालत निघालेलं बरं, त्यामुळे काकूंना थांबणं म्हणून ठाऊक नव्हतं. नवरा लवकर गेला, मुलगा-सून चाकणला कंपनीच्या नोकरीत. घरात फ्रीज होता, मिक्सर होता, मुलानं आणलेला आणि कधी न लावलेला वॉटर फिल्टर होता. तवा मात्र नव्हता. भाकरी व्हायची ती एका जुन्या लोखंडी घमेल्याच्या पालथ्या बुडावर. मी पडलो वर्कशॉपचा माणूस. न राहवून म्हणालो, "काकू, पालथं घातलं की हा तवाच झाला ना?"

"घमेलं हाय ते. इचारा त्याला."

धिरडी तर त्या कशावरही करत. जाड बुडाचं पातेलं, कुकरचं भांडं, कढई, एकदा ट्रॅक्टरच्या नांगराची घासून लख्ख केलेली लोखंडी थाळी. "तवा म्हंजे काय वो? खाली जाळ आन वर सपाट जागा. आमी उगंच डोक्यावर चढवून ठिवलाय त्याला." रीत एकच. भांडं तापलं की पाण्याचा थेंब टाकायचा. तो बसून राहिला तर आपणही बसायचं, नाचला तर अर्धा कांदा तेलात बुडवून बुडावर फिरवायचा, पीठ ओतायचं, झाकण ठेवायचं आणि हात मागे बांधून गप्प उभं राहायचं. कडा आपणहून सुटायच्या आत कुणी उलथनं लावलं, तर काकू त्याच्या हातावर मारत. पहिलं धिरडं हमखास चिकटायचं. ते खरवडून कोंबड्यांना टाकताना काकू म्हणत, "पैलं भांड्याचं. दुसरं आपलं."

माडीवर भाड्यानं राहणारी कॉलेजची पोरं एकदा मोबाइल घेऊन खाली आली. त्यांना पॅनकेक करायचे होते आणि तवा नव्हता, म्हणजे ती योग्य दारात आली होती. काकूंनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. "धिरड्यात साखर घातली, मीठ इसरलं, आन वरनं नाव ठिवलं व्हय?" म्हणाल्या आणि त्याच पोरांच्या मॅगीच्या पातेल्यात सहा पॅनकेक काढून दिले. सातव्यात त्यांनी मिरची घातली. पोरं सातव्यावरून भांडली.

अंगणाच्या मधोमध वाटणीची एक तार होती. तारेपलीकडे थोरल्या जाऊबाई, सुंदरबाई. दोघी बावीस वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. दरवर्षी नागपंचमीला मात्र काकू ताटलीत धिरडी घालत, वर फडकं टाकत आणि मला म्हणत, "पावणं, एवढं पल्याड द्या." सुंदरबाई ताटली घेत, दार लावत आणि थोड्या वेळानं धुतलेली ताटली परत देत. "सांगा तिला, कुत्र्याला घातली."

मी निरोप पोचवला की काकू विचारत, "कुत्र्याला मीठ बरोबर लागलं का, इचारा." मी पुन्हा पलीकडे. "कुत्रं म्हणतं, कमी हाय," असं उत्तर यायचं. आता ह्यात गंमत अशी, की सुंदरबाईंकडे कुत्रं नव्हतं. आख्ख्या आळीत ते कुणी पाहिलेलं नव्हतं. इतका शिकलेला माणूस मी, आणि एका नसलेल्या कुत्र्याचा निरोप्या झालो होतो.

तिसऱ्या वर्षी मी ताटली हातात घेऊन काकूंपुढे बसलोच. म्हटलं, भानगड काय ते कळल्याशिवाय ही वरात पलीकडे जाणार नाही. काकूंनी तारेकडे बघितलं आणि आवाज खाली घेतला.

नागपंचमीला आमच्याकडे काही चिरत नाहीत, तळत नाहीत आणि तवा चुलीवर ठेवत नाहीत. नागाला चटका बसतो म्हणतात. सगळं उकडलेलं खायचं. तेव्हा दोन्ही जावांचं घर एकच होतं. बाया वारूळ पुजायला गेल्या होत्या आणि काकू एकट्याच घरी. "सकाळपास्नं नुसतं उकडल्यालं गिळून जीव इटला व्हता. म्हणलं, नाग काय आपल्या चुलीत बसलाय व्हय? सात धिरडी केली. पिठाचं भांडं हौदावर धुवाया गेले, तर मागारी येस्तवर पाचच. दोन मांजरानं नेली. लाटणं फेकून मारलं त्याला. तीन दिस घरात आलं न्हाई बघा."

त्याच संध्याकाळी थोरल्या दिरांना, म्हणजे सुंदरबाईंच्या नवऱ्याला, उसात साप चावला. मंचरला नेलं, इंजेक्शनं झाली, आठ दिवसांनी माणूस धडधाकट घरी आला. पुढची पंधरा वर्षं त्यांनी ती गोष्ट बाजारात सांगितली, दरवेळी साप वीतभर वाढवला आणि शेवटी साखरेच्या आजारानं गेले. पण त्या संध्याकाळी सुंदरबाईंनी आख्ख्या आळीसमोर बोट दाखवलं, "हिनं तवा ठिवला म्हणून झालं!"

"मग?" मी विचारलं.

"मंग काय? म्हणलं, तवा ठिवलाच न्हाई, पातेल्याच्या बुडावर केली. भावकी म्हणली, करून दाखव. दिरांना घरी आणल्यावर सगळ्यांम्होरं बसवलं मला. जल्मात पातेल्यात धिरडं केलं नव्हतं वो. पैलं जे चिकाटलं! सगळी बघाया लागली. मी म्हणलं, पैलं भांड्याचं असतंय. दुसरं निघालं."

दुसरं निघालं आणि काकू अडकल्या. तवा लागत नाही म्हणून सांगितलेल्या बाईच्या घरात तवा दिसून चालणार नव्हता. वाटणी झाली तेव्हा घरातला एकुलता एक तवा त्यांनी सुंदरबाईंच्या दारात नेऊन ठेवला. एका थापेसाठी ह्या बाईनं बावीस वर्षं घमेल्याच्या बुडावर भाकऱ्या थापल्या.

मी हसत सुटलो. काकू हसल्या नाहीत. "तवाच व्हता, पावणं. त्यो माणूस मेला असता तर? बाईला सांगाया पायजे एकदा. तुजं खरं व्हतं, म्हणून." त्या वर्षी सांगणार होत्या, पुढच्या वर्षीही सांगणार होत्या. दर पंचमीला शब्द ओठापर्यंत यायचे आणि ताटली पलीकडे जायची. माझ्या लग्नानंतर मी मंचरला राहायला गेलो, तरी फोनवर हेच. "औंदा सांगते बघा. कुत्र्याच्या नावानं किती दिस काढायचं?"

ह्या वर्षी पंचमीला महिना उरला असताना त्या गेल्या. दुपारी निवडत बसलेल्या, तिथंच कलंडल्या. बातमी ऐकली आणि मला पहिल्यांदा रडू आलं नाही, राग आला. एवढी धडाधड बोलणारी बाई, आणि नेमकं तेवढं एक वाक्य राहून गेलं. मग रडूही आलं.

पाचव्या दिवशी भेटायला गेलो. सुतकात आमच्याकडे तवा ठेवत नाहीत, त्यामुळे घरात उकडलेलंच चाललं होतं. सून भिंतीला टेकून बसली होती, ताट तसंच समोर. तेवढ्यात मागच्या दारी तार वाजली. सुंदरबाई तार वाकवून अलीकडे आल्या. हातात कालवलेल्या पिठाचं भांडं. भावकी एकच, सुतक त्यांनाही होतं.

"पातेलं दे गं एक, जाड बुडाचं," त्या सुनेला म्हणाल्या. "तवा ठिवायचा न्हाई. धिरडं खायचं न्हाई असं कुणी म्हणलं न्हाई."

पहिलं चिकटलं. सुंदरबाई चिडून खरवडायला लागल्या. मी हळूच म्हणालो, "पहिलं भांड्याचं."

"म्हाइत हाय. इतकी वर्सं तारेपल्याडनं ऐकतीय."

दुसरं ओतून त्यांनी झाकण ठेवलं. मला वाटलं, आता सांगितलं नाही तर मीही काकूंसारखाच. "मावशी, काकूंना तुम्हाला एक सांगायचं होतं. त्या पंचमीला..."

"तवा व्हता. हेच ना?" झाकणावरची नजर त्यांनी काढली नाही. "हळदीकुंकवाचा करंडा इसरला म्हणून मी वारुळावरनं मागारी आले व्हते. तवा गरम, परातीत सात धिरडी, आन ती हौदावर. तिनं मांजराचं नाव घेतलं असंल."

"हो. दोन..."

"मीच खाल्ली. उभ्या उभ्या. लई ग्वाड लागली बघा." झाकण जरा उचलून त्यांनी कडा बघितल्या. "आन सांजच्याला ह्यांना चावलं. भ्याले मी. वाटलं, माज्याच खाण्यानं झालं. मंग टाकलं तिच्यावर."

कडा सुटल्या होत्या. त्यांनी धिरडं काढलं, सुनेच्या ताटात घातलं, त्यातलाच एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि सवयीनं म्हणाल्या, "मीठ कमी हाय."

"कुत्र्याला चालेल," मी म्हणालो. कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं.

सुंदरबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं, पदर तोंडात कोंबूनही आवरेना, आणि हसता हसताच त्या पाच दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडायला लागल्या. सुनेनं उठून त्यांना धरलं. पातेल्यात तिसऱ्याचं पीठ घालायचं राहिलं होतं, नुसतं तेल धुरत होतं. मी गॅस बंद केला.