तुझ्यामागं कोण?

बेलहळ्ळी हे गाव कानडी मुलखातल्या कल्याणहून हुमनाबादला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मोटारीतून जाणाऱ्याला त्यातले दिसते ते एवढेच: एक चिंच, शिवेचा दगड, आणि मागे पंचवीस-तीस धाब्याची घरे. गावात फारसे काही घडत नाही. तुरी बडवून होतात, ज्वारीचे खळे होते, कुणाची म्हैस विते. फाल्गुनात एक दिवस मात्र श्रीशैलच्या मल्लय्याच्या दर्शनाला पायी निघालेले लोक खांद्यावर कावडी घेऊन सकाळभर त्या शिवेवरून जातात, आणि चिंचेजवळ उभी असलेली एक बाई त्यांना पाणी पाजते. तिचे नाव ईरम्मा. चालणारे लोक तिला ‘मागं-कोण अव्वा’ म्हणतात, कारण तांब्या पुढे करण्याआधी ती प्रत्येकाला विचारते, “तुझ्यामागं कोण?” जुने लोक हसतात. नवखा माणूस गोंधळून मागे वळून पाहतो.

१९५२ सालापर्यंत ती असे काही विचारत नसे.

पाणी पाजण्याचा मान तिच्या सासरचा. तिच्या आजेसासऱ्यांच्या काळात, मोठ्या दुष्काळात, सगळ्यांच्या मागे राहिलेला एक यात्रेकरू त्या दगडापाशी तहानेने मेला होता. सर्वांत जवळचे घर यांचे. तेव्हापासून घराने बोलून ठेवले, की त्या दिवशी घरच्या सुनेने पहाटेपासून शिवेवर उभे राहायचे, आणि शेवटच्या माणसाने पाणी प्याल्याशिवाय स्वतःच्या तोंडात थेंबसुद्धा घ्यायचा नाही. शेवटचा कोण हे ओळखणे सोपे होते. त्याच्या खांद्यावर पितळी घंटा असे, आणि ती अर्ध्या कोसावरून ऐकू येई. गेली बावीस वर्षे घंटा कल्याणकडच्या बसवंतप्पाकडे होती. वाटेत कुणाचा पाय फोडाने सुजला की हा बसलाच पाला बांधत.

“तुझ्या पायाला जातं बांधलंय का रे बाबा?” असे ईरम्मा त्याला दरवर्षी विचारी.

“मी भरभर आलो तर शेवटचा कोण ऱ्हाईल, अव्वा?” असे तो दरवर्षी सांगे.

त्या वर्षी ईरम्माची एकुलती एक मुलगी चन्नम्मा पहिलटकरीण होती. पहिले बाळंतपण माहेरचे, पण मूल पोटात आडवे होते, म्हणून डॉक्टरीण बाईंनी तिला गुलबर्गा सोडू दिले नाही. जावई कल्लप्पा तिथेच एका डाळीच्या गिरणीत कामाला होता. “तू आल्याशिवाय मी बाळंतपणाच्या खोलीत जाणार न्हाई,” असे चन्नम्माने आईला बजावले होते, आणि ईरम्माने हो म्हटले होते. दिवस भरायला अजून आठवडा होता. पण बारा मार्चला, बुधवारी दुपारी, हुमनाबादहून परतणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरने चिंचेखाली गाडी थांबवून कल्लप्पाचा निरोप दिला: कळा सुरू झाल्या, आईला पाठवा. तिकडे जाणारी गाडी दिवसातून एकच. गुरुवारी बाराला पुन्हा येणार, आणि नेमके गुरुवारीच चालणारे लोक येणार.

शेजारची राजूबाई म्हणाली, “तू सकाळीच बैलगाडीनं नीघ की. मी पाजते पाणी. पाणी तेच, तांब्या तोच.”

गावचे थोरले जगदेवप्पा कट्ट्यावर बसलेले होते. महिन्या-दोन महिन्यांपूर्वीच्या निवडणुकीत भाषणे ऐकल्यापासून तेही उभे राहून बोलत. ते उभे राहिले. “घरच्या सुनेनं पाजायचं असतंय. कुणाबी बाईनं न्हाई.”

“देव मोजायलाय व्हय, कुणाच्या हातचं हाय ते?”

“देव न्हाई मोजत, राजूबाई. गाव मोजतंय.”

ईरम्माने नवऱ्याकडे पाहिले. शरणप्पाने खळ्याकडे पाहिले. मग म्हणाला, “बसवंतप्पा किती बी रेंगाळला तरी धापर्यंत येतोयच की. मोटार बाराला. दोन्ही होतंय.”

हिशेब बरोबर होता. ईरम्माने रात्रीच गाठोडे बांधले. त्यात बाळंतिणीचा डिंक, दोन जुनी लुगडी फाडून केलेली दुपटी, ओवा. पहाटे ते गाठोडे तिने शिवेच्या दगडावर ठेवले आणि रांजणाशी उभी राहिली.

साडेसहाला पहिला जथा आला. मग आठपर्यंत नुसती रीघ, कुणाशी बोलायला तिला सवड नव्हती. त्यानंतर तुटक तुटक. दहा-बारा बायांचा एक घोळका गेला आणि त्यांच्यामागून, साडेनऊच्या सुमारास, एक पोरगेला माणूस एकटाच आला. त्याच्या खांद्यावर फडक्यात घट्ट गुंडाळलेले काहीतरी जड होते. तो तिच्यासमोर येऊन नुसता उभा राहिला.

“अव्वा...”

“पी, पी. बोलत नको बसू.”

तो प्याला. तोंड पुसले. “अव्वा, आता तुम्ही...”

“सरक बाबा बाजूला. मागची वाट दिसू दे मला. मोटार चुकवायलास का माझी?”

तो सरकला. वाकून तिच्या पायाला हात लावला आणि गेला. तिने पाहिलेसुद्धा नाही.

त्यानंतर कुणी आले नाही.

दहा वाजले, साडेदहा झाले. रस्ता नजर पोचेल तिथपर्यंत पांढरा, त्यावर एक कुत्रे सोडून काही नाही. सावली दगडाच्या पायथ्याशी आली तशी ईरम्मा बसवंतप्पाच्या नावाने बोटे मोडू लागली. बसला असेल कुणाचा तरी फोड बघत. तंबाखू चोळत बसला असेल. दुसऱ्याच्या लेकीचे काय होते याचे त्याला काय. “बावीस वर्षं पाणी पाजलं मी ह्याला,” ती राजूबाईला म्हणाली, “एक डाव लवकर यायचं सुचू ने?”

बाराला धूळ उडवत मोटार आली. ड्रायव्हरने ओळखले. “चढो अम्मा, चढो!”

“जरा ठैरो दादा. घंटा आने दो.”

“कौन सी घंटा? मेरेकू हुमनाबाद पोंचना है.”

“बस, पाच मिनट.”

तो खरोखरच पाच मिनिटे थांबला. आतले लोक कुरकुरू लागले. एकाने विचारले, “म्हातारी कुणाची वाट बघायलीय?” दुसरा म्हणाला, “यमाची.” कंडक्टरने गाठोडे आत घेतले होते. राजूबाई तिच्या हातातला तांब्या ओढत म्हणाली, “जा गं बाई! गावाला काय सांगायचं ते मी सांगते.” ईरम्माचा एक पाय पायरीवर होता. खळ्यावरून जगदेवप्पा कमरेवर हात ठेवून बघत होते. पण तिला अडवले ते त्यांनी नव्हे. पायरीवरून तिला शिवेचा दगड दिसत होता, आणि त्याच्या पायथ्याशी तो तहानेने मेलेला माणूस, ज्याला तिने कधी पाहिले नव्हते आणि ज्याच्याबद्दल लग्न झाल्यापासून ऐकले होते. बाळंतपणाला निघताना शब्द मोडल्याचा शाप बरोबर न्यायचा? पोटात मूल आडवे असताना?

तिने पाय खाली घेतला आणि गाठोडे मागितले. मोटार गेली.

दुपार तिने उभ्यानेच काढली. जीभ टाळूला चिकटली. राजूबाईने दोनदा येऊन शिव्या दिल्या, एकदा बसवंतप्पाला आणि एकदा जगदेवप्पांना. शरणप्पा एकदा येऊन गेला.

साडेचारला डाकवाला हरिबा हुमनाबादकडून सायकल ढकलत आला. “अजून उभ्या कामून, काकी?”

“तो घंटावाला यायचाय. दिसला का तुला?”

“घंटावाला? विरुपाक्ष? तो तर पुढच्या मुक्कामाला भाकर खाऊन झोपलाय.”

“कोण विरुपाक्ष? बसवंतप्पा म्हणते मी.”

हरिबाने सायकल चिंचेला टेकवली. “बसवंतप्पा वारला की, काकी. परवा. निघून दोनच मुक्काम झालते. घंटा पुतण्याकडं दिली त्यांनी. दुखवटा हाय म्हणून मल्लय्याच्या पायरीपर्यंत वाजवायची न्हाई, फडक्यात बांधून न्यायलेत.”

ईरम्मा खाली बसली. त्या दिवशी पहिल्यांदाच बसली. फडक्यातले ते जड काहीतरी तिला आता लख्ख दिसत होते. ज्याला ती सकाळपासून शिव्या देत होती तो मेलेला होता, आणि ज्याच्यासाठी मोटार सोडली तो मोटारीच्या अडीच तास आधी तिच्याच हातचे पाणी पिऊन, तिच्याच पाया पडून गेला होता.

शरणप्पाने कुणी न सांगता बैल जुंपले. दिवस मावळताना ते पुढच्या मुक्कामावरून चालले होते. विरुपाक्ष आडाजवळ धोतर धूत होता. ईरम्मा गाडीतूनच ओरडली, “तोंड नव्हतं का रे तुला? मी शेवटचा, एवढं म्हणता येईना?”

पोरगे उठून उभे राहिले. डोळ्यांत पाणी आले त्याच्या. “दोनदा तोंड उघडलं, अव्वा. तुम्ही बोलू दिलं न्हाई.”

 गाडी पुढे गेली.

हुमनाबादहून सकाळची मोटार मिळाली. शुक्रवारी साडेदहाला ती गुलबर्ग्याच्या सरकारी दवाखान्यात पोचली. चन्नम्मा खाटेवर पडलेली होती, चेहरा कणकेसारखा पांढरा. शेजारी कापडात मुलगी. आदल्या दिवशी दुपारी साडेतीनला झाली होती. आई शिवेवर उभी होती त्याच वेळी.

ईरम्माने लेकीच्या कपाळावर हात ठेवला. चन्नम्माने तोंड भिंतीकडे फिरवले.

मग ती म्हणाली, “पिले का सगळे पाणी?”

“पिले.”

“कवा?”

ईरम्माला खोटे बोलता आले असते. “साडेनऊला,” ती म्हणाली.

“आन् मोटार बाराला.” चन्नम्मा भिंतीशीच बोलत होती. “आत नेताना मी ह्यांना सांगायलते, आई यायलीय, कुणीतरी आडवलं असंल तिला. कुणी आडवलं गं?”

“कुणी न्हाई.”

कल्लप्पा घाईघाईने बाहेर गेला आणि सासूसाठी कपबशीत चहा घेऊन आला. तिने तो हातात घेतला. बुधवारी रात्री जेवली होती, त्यानंतर काहीच नाही. उपास सोडायचा राहूनच गेला होता. ती कपाकडे नुसती बघत बसली.

चन्नम्माने मान वळवली. आईचे सुकलेले ओठ तिने पाहिले, तो धरलेला कप पाहिला, आणि तिचा आवाज चढला.

“पी की आता! का अजून कुणी मागं ऱ्हायलंय?”

ईरम्माने एका घोटात चहा संपवला. तोंड भाजले. मग तिने गाठोडे सोडले आणि दुपटी बाहेर काढली.