साडूचा एक्सल मोडत नाही

मास्तरांचं पोट बिघडायचं ते खाण्यानं नव्हे, ऐकण्यानं. कुणी शेडमध्ये येऊन टेकलं आणि सहज बोलून गेलं की तुमच्या साडूनं बांधलेला एक्सल अजून खणखणीत चाललाय, की त्यांच्या बेंबीशी कळ उठायची. मग ते उठून पाणी प्यायचे, नट आवळायचे पाने पुसायचे, आणि पुसलेले पाने पुन्हा पुसायचे.

मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं, जुन्या जीपचा मागचा एक्सल. इंजिनाला हात लावायचे नाहीत. कुणी आग्रह केलाच तर सांगायचे, इंजिन नुसता आरडाओरडा करतं, गाडी ढकलतो तो मागचा एक्सल. घरातसुद्धा जो कमावतो तो कधी ओरडत नाही. हे त्यांच्या बायकोसमोर मात्र ते बोलत नसत, कारण घरात ओरडणारे तेच होते.

या जुन्या गाड्यांचा मागचा एक्सल म्हणजे दोन तुकड्यांचा संसार. एक लोखंडी दांडा, टोकाला गाजरासारखा निमुळता होत गेलेला. त्या निमुळत्या टोकावर मध्ये भोक असलेलं हब बसतं, हबवर चाक. दोघांच्या मध्ये बोटभर लांबीची चावी, म्हणजे लोखंडी खिट्टी, आणि वरून मुठीएवढा नट. पुढच्या काळातल्या गाड्यांना हे सगळं एकसंध आलं, पण जुन्यांचा हा सांधा तसाच राहिला. सांधा ढिला पडला की चावी तुटते, मग गाडी रेड्यासारखी डुरकते पण जागची हलत नाही. आणि हबच फुटलं तर चाक कलंडतं, तेही बरोब्बर चढावर.

मास्तरांना हे काम एका उस्तादानं शिकवलं होतं. अर्धा बहिरा, पण हातात देव. त्याचा मंत्र एकच होता, लोखंडाला लोखंड कोरडं लावू नये, चावतं. म्हणून दांडा धुवायचा, टोकावर ग्रीस थापायचं आणि मग हब चढवायचं. मास्तर देवाला एखादे दिवशी तेल घालायला विसरतील, पण दांड्याला ग्रीस लावायला कधी विसरले नाहीत. त्यांनी बांधलेले एक्सल दीड-दोन वर्षं चालायचे. मग परत यायचे. आले की मास्तर हब हातात घेऊन मालकाची हजेरी घ्यायचे: ओझं किती भरलं होतं, खड्ड्यात आपटली होती का, चढावर क्लच कोण सोडत होतं. मालक मान खाली घालायचा. हे काम करणारा आसपास दुसरा कुणी नव्हताच. वासरांत लंगडी गाय शहाणी, आणि आपण लंगडतो आहोत हे गाईलाही ठाऊक नव्हतं.

मग आला शिलाईवाला.

शिलाईवाला म्हणजे त्यांचा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. लोक तयार कपडे घ्यायला लागले तसा त्याचा धंदा बसला. धाकटी रडत आली, थोरलीनं दोन दिवस अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी मास्तरांनी त्याला शेडमध्ये घेतलं. मऊ हाताचा, हळू बोलणारा माणूस. आठ महिने खालमानेनं शिकला, नमस्कार केला आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःची शेड टाकली. मास्तर हसले होते. सुईत दोरा ओवणारा आता एक्सल ओवणार, असं चार जणांत बोलूनही दाखवलं होतं.

पण शिलाईवाल्याचे एक्सल परत येईनात. वर्ष गेलं, तीन गेली, सात गेली. बाजारात त्याच्या हातचा एक्सल असलेली गाडी उभी दिसली की मास्तर इकडेतिकडे बघून खाली वाकायचे, तेल गळतंय का बघायचे. एकदा तर अंगावरच्या सदऱ्यानिशी गाडीखाली शिरले आणि मालकानं चोर समजून पाय धरून बाहेर ओढलं. "पडलेलं नाणं शोधत होतो," असं मास्तर म्हणाले. घरी सदरा धुताना बायको म्हणाली, "नाणं सापडलं का? की अजून साडूच्याच एक्सलखाली आहे?"

खरं दुखणं वेगळंच होतं. जुन्या जीपवाल्यांची एक मंडळी होती, पंधराएक गाड्या. दरवर्षी आठ दिवस डोंगराडोंगरातून गाड्या घालायचे. त्यांच्यासोबत एक मिस्त्री असायचा, आणि त्याची बसायची जागा सगळ्यात पुढच्या जीपमध्ये, मंडळीच्या म्होरक्याशेजारी. म्होरक्या म्हणजे जनावरांचे डॉक्टर. त्या जागेवर मास्तर नऊ वर्षं बसले होते. गेली तीन वर्षं तिथं शिलाईवाला बसत होता. मागच्या खेपेला त्याचा तिथं बसलेला फोटो धाकटीनं भिंतीवर लावला आणि थोरलीला मुद्दाम बोलावून दाखवला. यंदा कोण जाणार ते डॉक्टरांनी अजून सांगितलं नव्हतं, आणि मास्तर रोज सकाळी त्यांच्या गाडीच्या आवाजाकडे कान लावून बसायचे.

गाडी आली, पण वेगळ्याच कामानं. डॉक्टरांचा मागचा ब्रेक चिकटला होता आणि शिलाईवाला परगावी गेला होता. ब्रेकपर्यंत हात पोचवायचा तर हब उतरवावंच लागतं. म्हणजे साडूचं काम उघडून बघायची संधी सात वर्षांनी आपणहून दारात आली होती. मास्तरांनी हब ओढून काढायचा पुलर लावला, आवळला, वरून एक ठोका घातला. हब सहजासहजी निघेना. निघालं तेव्हा बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला.

आत बघतात तर दांडा कोरडा. ग्रीसचा ठिपकासुद्धा नाही.

मास्तर पोट धरून हसले. डॉक्टरांना चहाच्या टपरीवरून बोलावून आणलं आणि दाखवलं की बघा, तुमच्या लाडक्या मिस्त्रीचं काम बघा, कोरडंठाक; नशीब म्हणायचं म्हणून आजवर चाललं. मग ब्रेकचं काम केलं, दांड्याला बोटभर ग्रीस थापलं, हब चढवलं, आणि नट आवळायला पान्याला जोडायचा नेहमीचा पाईप न घेता सहा फुटी घेतला. त्याला नुसते लोंबकळले. शिलाईवाल्याच्या हातात कुठून येणार हे बळ, असं दर हिसक्याला मनात म्हणत होते. पुढचा आठवडाभर साडूच्या कोरड्या कामाची गोष्ट न्हाव्याच्या दुकानापासून पेट्रोल पंपापर्यंत फिरली. ती पायानं नव्हे, मास्तरांच्या तोंडानं फिरली.

चार महिन्यांनी, सफर आठ दिवसांवर आलेली असताना, डॉक्टर एका अडलेल्या गाईकडे निघाले आणि चढावर त्यांचं मागचं हब फुटलं. उरलेली वाट पायी तुडवावी लागली. गाय वाचली, वासरू गेलं. गाडी ओढून आणली ती शिलाईवाल्याच्या शेडमध्ये, कारण एक्सल त्याचा. मास्तरांना डॉक्टरांचा निरोप आला, तुम्हीही या, तुम्ही आधीच बोलला होता.

मास्तरांनी इस्त्रीचा सदरा घातला. वाटेनं वाक्य तयार केलं: कोरड्यानं दांडा आधीच खाल्लेला होता, माझं ग्रीस उशिरा पोचलं. चांगलं वाक्य होतं. दोनदा म्हणून बघितलं.

शेड स्वच्छ होती, हाही एक रागच. पत्र्याच्या ताटात हब ठेवलेलं. चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ. मास्तरांनी हब उचललं, मग दांड्यावरून बोट फिरवलं, आणि वाक्य बाजूलाच राहिलं.

दांड्यावर एक जुनी कड होती, सात वर्षं हब जिथं बसलं होतं तिथली. त्याच्यापुढे अर्धं बोट नवा चकाकता पट्टा. म्हणजे हब आपल्या जागेच्या पलीकडे घुसलं होतं. मास्तर शेतकऱ्याच्या घरात वाढलेले. ओंडका फोडताना बाप पाचरीला तेल लावायचा, कारण तेलाची पाचर खोल जाते आणि लाकूड चिरतं. दांडा म्हणजे लोखंडाची पाचरच की. तिला ग्रीस लावलं, सहा फुटी पाईपनं हबमध्ये घुसवली, हब चिरलं. यात समजायला अवघड काही नव्हतं. अवघड होतं ते मागचं. ओझं, खड्डे, क्लच सोडणारे, मान खाली घालून गेलेले एकतीस वर्षांचे मालक, सगळे एकामागून एक शेडच्या दारात येऊन उभे राहिल्यासारखे झाले.

त्यांनी वर बघितलं. शिलाईवाला त्यांच्याकडेच बघत होता. त्याच्या अंगठ्याला मास्तरांनी थापलेलं ते ग्रीस लागलेलं होतं. तो अंगठा त्यानं सावकाश चिंधीला पुसला.

डॉक्टरांनी त्यालाच विचारलं, हे असं कसं झालं.

"कोरडं बसवलं होतं मी," शिलाईवाला म्हणाला. "चूक माझी असेल. नवं हब मी घालून देतो. आणि यंदा सफरीला साडूभाऊंना न्या. अनुभवी माणूस बरा."

डॉक्टरांनी मान डोलावली. मग ठरलं, म्हणाले. वासरू गेलेल्या गाईच्या मालकाला काय तोंड दाखवू, हेही वर ऐकवलं त्याला. शिलाईवाल्यानं ते मान खाली घालून ऐकून घेतलं.

झालं. पुढची जीप, म्होरक्याशेजारची जागा, साडूचं नाक कापलेलं, एका सकाळीत सगळं हातात. मास्तरांनी आनंदाची वाट बघितली. आनंद काही येईना. आलं ते तेच, बेंबीशी, पण नेहमीच्या दसपट. हा माणूस धाकटीलासुद्धा काही सांगणार नाही, हे त्यांना पक्कं कळलं होतं. आपण आठ दिवस पुढच्या गाडीत बसणार ते याच्या भिकेवर, आणि हे जगात दोघांनाच माहीत असणार. एक्सल टिकतो तो याचा. शेड स्वच्छ ती याची. बायको हसरी ती याची. आणि आता मोठेपणाही यालाच?

"डॉक्टर," मास्तर म्हणाले, "हब मी फोडलंय."

डॉक्टरांना वाटलं, साडूला सांभाळून घेताहेत. मास्तर भडकले. सांभाळून कोण घेतोय, म्हणाले, मला कुणाला सांभाळून घ्यायची हौस नाही. हात धरून त्यांनी डॉक्टरांचं बोट त्या चकाकत्या पट्ट्यावरून फिरवलं, पाचरीची गोष्ट सांगितली, सहा फुटी पाईपचीही सांगितली. का लोंबकळलो ते मात्र सांगितलं नाही.

डॉक्टरांनी पट्ट्यावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं, "आणि याच्याकडे यायच्या आधी माझी दोन फुटली होती, ती?"

"तीही."

"मी तेव्हा ड्रायव्हरला काढून टाकलं होतं, मास्तर."

डॉक्टर गाडी तिथंच सोडून चालत निघाले. दारात थांबून शिलाईवाल्याला म्हणाले, पुढच्या गाडीत तूच बसायचंस, आणि पुन्हा दुसऱ्याची चूक अंगावर घेऊ नकोस, माणसं मरतील.

शेडमध्ये दोघं साडू उरले. शिलाईवाल्यानं स्टूल पुढे सरकवलं. मास्तर बसले नाहीत. उभ्यानंच विचारलं, कोरडं बसवायचं हे तुला कुणी सांगितलं.

कुणी नाही, तो म्हणाला. पहिलाच एक्सल होता, ग्रीसचा डबा संपलेला, दुकान बंद, मालक डोक्यावर उभा. तसंच बसवलं. मग भीती वाटली म्हणून पन्नास किलोमीटर चालवून झाल्यावर गाडी परत बोलावली, तर नट थोडा आणखी फिरला. पुन्हा आवळला. ती गाडी काही परत आली नाही, म्हणून तेच करत राहिलो.

म्हणजे ग्रीस संपण्याचं भाग्यसुद्धा याचंच. मास्तरांच्या शेडमध्ये एकतीस वर्षांत डबा कधी संपला नव्हता.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"आलो होतो की. दोनदा. तुम्ही चहा पाजलात आणि शिवणयंत्रं कशी आहेत म्हणून विचारलंत."

मास्तर घरी आले. बायकोला सगळं एका दमात सांगितलं, म्हणजे धाकटीकडून कळायला नको. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, सफरीला तुमच्या हातचे किती एक्सल जाणार आहेत ते आधी बघा.

पंधरांत चार होते. मास्तरांनी चौघांना निरोप धाडले. दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये एकेक गाडी चढत गेली. हब उतरवायचं, तडा बघायचा, दांडा पेट्रोलनं धुवायचा आणि कोरड्या चिंधीनं पुसायचा. दोघांची हब तपासताना मनासारखी वाटली नाहीत, ती बदलली. एका मालकानं विचारलंच की काय हो मास्तर, साडूच्या पद्धतीनं? मास्तर दातांतून "हो" म्हणाले. त्या एका अक्षराला त्यांना नट आवळण्यापेक्षा जास्त जोर लागला.

चारी गाड्या पन्नास-पन्नास किलोमीटर फिरून आल्या त्या दिवशी शिलाईवाला न बोलावता आला. बाह्या वर केल्या, नटावर पाना चढवला, पाईप लावला. दोन गाड्यांचे नट हललेच नाहीत, तिसरीचे केसभर फिरले, चौथीचे जरा जास्त. मास्तर बाजूला हात बांधून उभे. त्याचा पाय कुठं टेकलाय, खांदा कसा वळतोय, श्वास कधी रोखतोय, एकूणएक बघत होते. एवढ्या मऊ हातांनी, एवढ्या आखूड पाईपनं, आणि जराही हिसका नाही. बघून पुन्हा पोटात कळ आली.

"पाईप धरायची ही तऱ्हा मी नव्हती शिकवली तुला," ते म्हणाले.

"शिकवली नव्हती," शिलाईवाला पाईपवरचा भार न काढता म्हणाला, "पण तुमचीच आहे. आठ महिने बघत होतो."

याचं बरं वाटून घ्यावं की वाईट, हे मास्तरांना ठरवता येईना. मग पुढे झाले आणि त्याचं कोपर दोन बोटं वर उचललं.

"मग नीट धर," ते म्हणाले. "माझी म्हणतोस ना."