नऊ पानांचा उरुग्वे

उरुग्वेच्या जमिनीवर पाय ठेवण्याच्या तीन महिने आधीच मी त्या देशावर तोंडी परीक्षा देऊ शकले असते. श्रेय आमच्या लेकीचं. तिने तिकडचा मुलगा पसंत केला, जानेवारीत माँटेव्हिडिओला लग्न ठरवलं, आणि मग आपल्या घरच्यांकडे एकदा नीट बघून तिला धडकी भरली असावी. कारण दुसऱ्याच दिवशी आम्हा तिघांच्या फोनवर नऊ पानांचं डॉक्युमेंट येऊन पडलं. शीर्षक होतं, 'आई, डॅडी आणि आजोबांसाठी उरुग्वे'.

आम्ही तिघं म्हणजे मी, नवरा आणि माझे वडील. मी इथे मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये गाड्यांचे ब्रेक तपासते. नवरा एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत पगार घेऊन जंतू वाढवतो. आणि बाबा, आई गेल्यापासून, आमच्याकडे असतात. नागपूरला वीज मंडळात चौतीस वर्षं काढलेला हा माणूस एकोणऐंशीव्या वर्षी, भर हिवाळ्यात, दुकानं उघडायच्या आधी मॉलमध्ये चार फेऱ्या मारतो. पायात स्पोर्ट्स शूज, डोक्यावर माकडटोपी. तिथली गोरी म्हातारी मंडळी त्यांना लांबून हात करतात.

डॉक्युमेंटचा सूर जरा शाळामास्तरी होता. पान पहिलं, भेटणं: उरुग्वेत नुसता हँडशेक पुरत नाही, गालाला गाल लावून एक पापी घ्यायची, बायकांची, पुरुषांची, सगळ्यांची. त्याखाली ठळक अक्षरांत, 'डॅडी, डोन्ट फ्रीझ.' पान दुसरं, वेळ: जेवायला नऊला बोलावलं आणि तुम्ही नऊला पोचलात, तर यजमान अंघोळीला गेलेले सापडतील. हे वाचून मला त्या देशाबद्दल एकदम आपुलकी वाटली. अमेरिकेत इतकी वर्षं वेळेवर पोचून पोचून मी थकले आहे. तिसऱ्या पानावर गाई होत्या, माणसांपेक्षा जास्त, आणि रविवारी घरोघर निखाऱ्यांवर भाजलं जाणारं मांस. चौथ्यावर, पाऊस पडला की तिकडे कणकेच्या चकत्या तळतात अशी माहिती होती. नवरा म्हणाला, हे तर आपलंच आहे, यांनी कुठून उचललं?

पाचव्या पानावर ढोल होते. गुलाम करून आणलेल्या आफ्रिकन माणसांचे वंशज रस्त्यात शेकोटी पेटवतात, ढोलाचं कातडं तिच्यावर शेकतात आणि मग वाजवत निघतात. बाबांनी ते पान दोनदा वाचलं. आमच्याकडे डफडं असंच शेकायचे, एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

पुढची चारही पानं एकाच विषयाची, माते. नाव ऐकून आपले हात जोडले जातात, पण हा तिकडचा चहा. म्हणजे चहाही नाही, एका झाडाची सुकलेली, कुटलेली पानं. चार पानं वाचूनही आमच्या डोक्यात काही शिरत नाही म्हटल्यावर लेकीने प्रॅक्टिकल ठेवलं. दर रविवारी सकाळी ती आणि तो ॲन आर्बरहून गाडी हाकत यायचे आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्ग भरायचा.

मुलगा उंच, अघळपघळ आणि कमालीचा गोड. काखेत थर्मास मारूनच घरात शिरायचा. तिकडे म्हणे माणसं समुद्राकाठी फिरायलाही तशीच जातात. आमच्या लेकीने इंग्रजी अक्षरांत लिहून दिलेला 'आजोबा' हा शब्द त्याने स्पॅनिश पद्धतीने, j चा 'ह' करून, वाचला, त्यामुळे तो बाबांना 'आहोबा' म्हणायचा. बाबांनी एकदाही दुरुस्त केलं नाही.

पहिल्या रविवारी त्याने वाळवून पोखरलेल्या छोट्या भोपळ्याची वाटी काढली, तीत तो हिरवा भुगा भरला, गरम पाणी ओतलं आणि खाली गाळणी असलेली धातूची नळी खोचली. वाटी एक, नळी एक, आणि टेबलाभोवती आम्ही पाच. भरणारा पहिली वाटी स्वतः पितो, कारण ती सगळ्यात कडू असते. मग पुन्हा भरून पुढच्याला देतो. त्याने खळखळ आवाज येईपर्यंत संपवायची आणि भरणाऱ्याच्या हातात परत करायची. मग त्याच्या पुढचा. नळी ढवळायची नाही. नळी पुसायची तर मुळीच नाही.

माझ्या नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आयुष्यभर लोकांच्या घशातले जंतू बघितलेला माणूस. त्या रविवारी तो कसाबसा एक घोट प्यायला, आणि पुढच्या रविवारी मोठ्या अभिमानाने एक पाकीट घेऊन आला. आत स्टीलच्या सहा नळ्या, प्रत्येकीच्या टोकाला वेगळ्या रंगाचं रबर. ज्याची त्याची नळी, एक जादा, पाहुण्यांसाठी. त्याने त्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि म्हणाला, प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड.

 मुलाने निळ्या रबराची नळी उचलून नीट निरखली, छान आहे म्हणाला, आणि परत ओळीत ठेवली. जेवणाला बोलावून प्रत्येकाच्या हातात आपापला डबा द्यावा, तसं झालं होतं. लेकीने बापाकडे असं बघितलं की सहाही नळ्या मुकाट्याने ड्रॉवरमध्ये गेल्या. आता त्या मी स्मूदीला वापरते.

बाबांचं मात्र पहिल्या दिवसापासून वेगळंच चाललं होतं. ते टेबलाशी बसायचे, हसायचे, ढोलांबद्दल प्रश्न विचारायचे. वाटी त्यांच्याकडे आली की तळहात आडवा करून नको म्हणायचे आणि आपल्या स्टीलच्या ग्लासमधला कोरा चहा प्यायचे.

त्या ग्लासबद्दल सांगायला हवं. जाड बुडाचा, दुकानातून नाव घालून घेतलेला, नोकरी लागली त्या वर्षीचा. ऑफिस, लग्नकार्य, दवाखाना, बाबा जिथे जातील तिथे तो. डेट्रॉइटच्या विमानतळावर सुरक्षावाल्याने तो उलटा करून आत टॉर्च मारला होता, तेव्हा बाबा त्याच्यावर रागावले नाहीत, फक्त माझाच आहे, नाव वाचा म्हणाले. लहानपणी आम्हा भावंडांना त्या ग्लासला हात लावायची बंदी होती. एरवी बाबांनी कधी आवाज चढवला नाही. ग्लास उचलला की चढायचा.

तिसऱ्या रविवारी मुलाने वाटी बाबांपुढे धरलीच नाही. त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून हळूच वगळून ती माझ्याकडे दिली. आणि त्याच दुपारी बाबांनी जाहीर केलं की ते लग्नाला येणार नाहीत. गुडघे दुखतात. रोज मॉलला चार फेऱ्या मारणारे गुडघे.

लेक मला हाताला धरून गॅरेजमध्ये घेऊन गेली. डोळे भरलेले.

"आई, आजोबांना तो आवडत नाही. इट्स ऑब्व्हिअस. त्याच्या हातचं ते पाणीसुद्धा पीत नाहीत. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याची आजी स्वतः माते भरणार आहे, आणि पहिला मान आजोबांचा. ती नव्वद वर्षांची आहे. मी तिला काय सांगू?"

मी म्हटलं, तसं काही नाहीये गं. ती म्हणाली, मग कसं आहे? आणि मला सांगता येईना.

मला माझाच संताप आला. आम्ही बौद्ध, हे तिला माहीत होतं. हॉलमधल्या दोन फोटोंना ती लहानपणापासून नमस्कार करत आली होती. धर्म बदलण्याआधी आपल्या माणसांना अस्पृश्य म्हणत, हेही तिने पुस्तकात वाचलं होतं. पण ते तिच्या आजोबांच्या चहापर्यंत आलं होतं, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. आईने मला सांगितलं, बाबांनी कुणालाच नाही, आणि मी ठरवून टाकलं की या पोरीला कशाला ते ओझं. इथल्या मराठी मंडळींच्या पॉटलकमध्ये, म्हणजे ज्याने त्याने घरचा पदार्थ आणायच्या जेवणात, एखादी काकू गोड हसून आडनाव विचारायची, ते ऐकून पुढच्या वेळी आमच्या भाजीचं झाकणही उचलायची नाही, तेव्हासुद्धा मी घरी येऊन म्हणाले होते की भाजी तिखट झाली असेल. खोटं बोलण्यात मी पटाईत होते.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेऊन बाबांबरोबर मॉलमध्ये गेले. दुसऱ्या फेरीला त्यांना सांगितलं की पोरीला वाटतंय, तुम्हाला मुलगा पसंत नाही. ते एका बंद दुकानासमोर थांबलेच. "मले? तो पोट्टा पसंत नाही?" म्हणाले. मग चालायला लागले. उरलेल्या फेऱ्या त्यांनी नेहमीच्याच चालीने पुऱ्या केल्या. मी आशा सोडून दिली होती.

चौथ्या रविवारी मुलगा आला तेव्हा त्याचं नाक जरा लाल होतं. मिशिगनचा वारा, आणखी काय, असं मला वाटलं. त्याने वाटी भरली, पहिली स्वतः प्यायली, दुसरी भरून सवयीने माझ्याकडे वळवली. तेवढ्यात बाबा म्हणाले, "मला?"

मुलाचा हात तिथेच थांबला.

"आधी एक सांग," बाबा त्यांच्या संथ, सरकारी इंग्रजीत म्हणाले. "माझ्यानंतर हे कोण पिणार?"

"ज्याची पाळी असेल तो. आज आई."

"नळी पुसून?"

"नाही, आहोबा. पुसली तर आधीच्या माणसाचा अपमान होतो."

बाबांनी मान हलवली. मग त्यांनी आपला ग्लास टेबलाच्या मध्यभागी ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. आवाज रोजचाच. नोकरीचं पहिलं वर्ष. वादळात एका गावाची लाइन तुटली होती. दिवसभर खपून संध्याकाळी बाबाच खांबावर चढले आणि गावात उजेड आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग हॉटेलातून चहा आला. बरोबरच्या तिघा कामगारांना बशीतल्या कपातून, बाबांना बाहेर कोनाड्यात ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपातून. पिऊन झाल्यावर तो स्वतः विसळायचा आणि कोनाड्यात परत ठेवायचा.

"पगार झाल्यावर हा घेतला," ते ग्लासवर बोट ठेवून म्हणाले. "माझा कप कुठे ठेवायचा, हा प्रश्न पुन्हा कुणाला पडू नये म्हणून. तू मला पसंत आहेस. पण तुझ्या घरी, तुझ्या माणसांसमोर, माझ्यानंतर कुणी ती नळी पुसली, तर या वयात मला ते सोसणार नाही. म्हणून गुडघे."

लेक तोंडावर हात धरून बसली होती. मी खाली टेबलाकडे बघत होते, कारण दुसरीकडे कुठे बघायची माझी हिंमत नव्हती.

मुलाने समजूत घालणारं एक वाक्यही म्हटलं नाही. आजही मला त्याचं ते सगळ्यात आवडतं. त्याने वाटी दोन्ही हातांनी बाबांपुढे धरली. बाबांनी घेतली. पहिल्या घोटाला त्यांचं तोंड कडवट झालं, तरी खळखळ आवाज येईपर्यंत त्यांनी ती संपवली आणि परत दिली. आता पाळी माझी होती. पण मुलाने वाटी भरली ती स्वतःसाठी. चार पानं भरून सांगितलेला आपल्या देशाचा नियम मोडून, बाबांना दिसेल अशा बेताने, त्याने नळी तोंडाला लावली. बाबा त्याच्या हाताकडे बघत होते. हात रुमालाकडे गेला नाही, बाहीकडेही नाही.

मग माझी वाटी आली. नळी तोंडाला लावताना माझ्या लक्षात आलं की बावन्न वर्षांत मी बाबांचं उष्टं कधी प्यायलेच नव्हते. त्या ग्लासने जगाला लांब ठेवलं, तसं आम्हालाही ठेवलं होतं. मला रडू आलं आणि माते आणखीच कडू लागलं. माझ्यानंतर लेक प्यायली. शेवटी नवरा. त्याने वाटीत एकदा डोकावून बघितलं, डोळे मिटले आणि संपवली.

बाबा म्हणाले, साखर घातली तर बरं लागेल. मुलगा म्हणाला, आजीसमोर हे बोलू नका.

बुधवारी मुलाला सणसणीत सर्दी झाल्याचं कळलं. मिशिगनचा वारा नव्हता तर तो. गुरुवारी लेक शिंकायला लागली, शुक्रवारी मी, आणि नवरा नाक पुसत घरभर, मी सांगत होतो, मी सांगत होतो, करत फिरायला लागला. सगळ्यात जास्त बाबांनाच झाली होती. ते पांघरूण घेऊन सोफ्यावर बसले होते, हातात तो ग्लास, त्यात आल्याचा काढा. नागपूरहून धाकट्या काकांचा फोन आला. आवाज ऐकून ते घाबरले असावेत, कारण बाबा त्यांना समजावत होते, आणि समजावताना आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, शेजारच्या घरात जावा इतका.

"काही नाही रे, सर्दी आहे. नातजावयाची लागली."