हबसाणचा पाहुणा

बायडाबाईने निवडलेल्या धान्यात खडा निघाला, अशी तक्रार वीस वर्षांत एकदाही आली नव्हती. ती आणि तिचा नवरा गेनबा मूळचे वारज्याचे. पर्वतीच्या वाटेवर एका सरदाराची बाग होती, तिथे दोघे चाकरीला होते. गेनबा जनावरं सांभाळी, बायडाबाई कोठीतलं धान्य निवडी.

शके १६९०, माघ वद्य द्वितीयेला बंदरावरून एक शहामृग बैलगाडीने बागेत आला. दोन निघाले होते. एक घाटात मेला. रंगपंचमीला सरदारांचे पाहुणे तो पाहायला येणार होते. कारभारी श्रीनिवासपंतांनी गेनबाला बोलावून सांगितलं, "पक्षी पाहुण्यांना उभा दाखवायचा आहे. आडवा कोणीही दाखवील." आणि तो मेलाच, तर त्याच दिवशी दोघांनी बाग सोडायची. वारज्याची जमीन दिराने कधीच घशात घातली होती. बाग सुटली तर जायला जागा नव्हती.

गेनबा पक्ष्याचं आवार दिवसातून दोनदा झाडी, एक दिवसाआड सारवी. बायडाबाई त्याचा जोंधळा सरदारांच्या ताटासाठी निवडावा तसा दोनदा निवडी. परमुलखातला पाहुणा, त्याच्या घशाला काही लागायला नको. पहिले काही दिवस तो भराभर खाई. मग खाणं मंदावलं, मान खाली गेली. होळीच्या पाच दिवस आधी बायडाबाईला त्याच्या विष्ठेत जोंधळे जसेच्या तसे दिसले.

"ह्येला आपलं अन्न पचंना," ती म्हणाली. "तिकडं काय खात आसंल?"

"तिकडं म्हंजी कुटं?" गेनबा म्हणाला.

बागेत हे ठाऊक असण्यासारखा एकच माणूस होता. फाटकावरचा पहारेकरी मर्जान हबशी होता. आठ-नऊ वर्षांचा असताना त्याला समुद्रापलीकडच्या हबसाणातून धरून आणून विकलं होतं. आता दाढी पिकली होती, लोक त्याला जमादार म्हणत. त्याचा मुलूख कसा होता, हे मात्र चाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. बायडाबाई सूप घेऊन फाटकाशी जाऊन बसली.

"जमादार, तुमच्याकडं जोंधळा पिकतो का?"

"पिकतो. पण आमच्या डोंगरावर त्याहून बारीक धान्य. खसखशीएवढं. पीठ तीन दिवस आंबवायचं, मग मोठी जाळीदार भाकरी. घावनासारखी."

"आन् ह्यो पक्षी?"

"तो डोंगरावर नसतो, बाई."

दुसऱ्या दिवशी त्याने डोंगरावरच्या थंडीचं सांगितलं, खडकात कोरलेल्या देवळाचं, तिथे ढोल बडवत नाचणाऱ्या पुजाऱ्यांचं.

"आपल्या पाताळेश्वरासारखं देऊळ?"

"त्याहून मोठं. मी लहान होतो, मला तरी तसं वाटायचं."

तीन दिवस ती विचारत राहिली. पक्ष्याच्या उपयोगाचं काही निघेना. होळीला तो बसला तो उठेना. पंत येऊन पाहून गेले. "बसून स्वागत करणार वाटतं. गेनबा, गाठोड्याला सुतळी लागली तर कोठीतून घे."

धुळवडीच्या सकाळी बायडाबाईने विचारलं, "डोंगर उतरून खाली आलात, तवा काय पाह्यलंत?"

मर्जान म्हणाला, "काटेरी झाडं. पांढरी धूळ. आम्हाला दोरीने बांधून चालवत होते. हे पक्षी तिथे पळत होते, घोड्यासारखे. त्या लोकांनी एक मारला, पोट फाडलं." त्याने तळहात पुढे केला. "आत ओंजळभर खडे. घासून गुळगुळीत झालेले. दोन मी उचलले. समुद्र येईपर्यंत मुठीत धरले होते."

सूप थांबलं. "खडे गिळतो?"

"दात कुठे आहेत त्याला? जातं पोटात घेऊन फिरतो."

बायडाबाईने शेजारी पाहिलं. सकाळपासून निवडून टाकलेल्या खड्यांचा छोटा ढीग तिथे होता.

ती खडे घेऊन आवारात आली, तसा गेनबा घाबरला. "मेला तर म्हनतील, हिनं पाहुन्याला खडे घालून मारला."

"न घालता मेला, तर काय आरती ओवाळतील?"

तिने खडे धुतले आणि सारवलेल्या जमिनीवर पक्ष्यापुढे पसरले. त्याने पाहिलंही नाही. तेवढ्यात पंत आले.

"बायडाबाई, आज उलटं निवडलंत का?"

"जमादारांच्या मुलखात त्यो ह्येच खातो, पंत."

"आणि मेला तर?"

"तर खडे म्या घातले. गेनबानं न्हाई."

पक्ष्याने मान लांबवली. एक पांढरा खडा उचलला, टाकला, पुन्हा उचलला. उघड्या मानेतून तो खाली सरकताना तिघांना दिसला. मग दुसरा. मग तो भराभर टिपू लागला.

"पंचमीपर्यंत थांबतो," पंत म्हणाले. "पुढे नाही."

द्वितीयेला काहीच फरक नव्हता. बायडाबाई दोन्ही वेळा जेवली नाही. तृतीयेला विष्ठेत सबंध दाणा दिसला नाही. चतुर्थीला दुपारी पक्षी एकदा धडपडला, आणि उभा राहिला. पंचमीला पाहुणे पाहून गेले. पंत जाताना एवढंच म्हणाले, "ठीक. उभा आहे."

षष्ठीला मर्जान फाटकावर एकटा होता. बाईचं काम झालं, आता ती कशाला येते, असं त्याने गृहीत धरलं होतं. बायडाबाई सूप घेऊन आली. खड्यांसाठी वाटीही आणली होती.

"जमादार, त्या भाकरीला नाचणीचं पीठ चालंल का? परवापासनं आंबत ठेवलंय."

मर्जानने भाला भिंतीला टेकवला आणि तिच्यासमोर खाली बसला.

"वास कसा येतोय?" त्याने विचारलं.