काकांचा उरलेला उजेड

विजेवर इतका जीव लावणारा आणि ती इतकी कमी वापरणारा माणूस अख्ख्या बालाघाटात दुसरा सापडायचा नाही, हे मी आमच्या शेजारच्या काकांबद्दल पैजेवर सांगतो. संध्याकाळी ओसरीवरचा बल्ब घटकाभर लावायचा, मग मालवून निवांत बसून राहायचं, हा त्यांचा नेम. "दिवा बंद झाला तरी उजेड थोडा येळ घरातच फिरत रायते," असं ते म्हणत, आणि त्यांच्या शेजारी बसलं की खरंच तसं वाटू लागे. पंखा बंद केल्यावर जे चार फेरे उरतात, त्या वाऱ्यात त्यांना गाढ झोप लागे. आमच्याकडे चहाला आले की आधी आमचे दिवे बंद करत आणि मग बसत. कुणाचा कप कुणाच्या हाती गेला हे नंतर कळे. स्मार्ट मीटर आलं तेव्हा सारी गल्ली कुरकुरत होती, काकांनी मात्र त्याला हळदकुंकू लावलं. नागपूरच्या लेकीला आता बाबांची वीज मोबाइलवर दिसू लागली. दुपारी सौरऊर्जेमुळे वीज स्वस्त पडते, असं तिनं कळवलं मात्र, काकांचा मिक्सर, मोटर, इस्त्री सगळं भर दुपारी सुरू झालं. मला हाक मारून म्हणत, "उन्हाची वीज हाय, तिच्यानं वाटलेली चटणी चाखून पाय!"

काका एकटे राहत. लेकीचा हट्ट, घर बंद करा आणि नागपूरला चला. शेवटी तडजोड झाली. रोज सकाळी काका आंघोळीच्या बादलीत रॉड लावणार, मोबाइलवरच्या आलेखात त्या वेळेचा छोटासा उंचवटा दिसला की लेक समजणार, बाबा बरे आहेत. ज्या दिवशी तो दिसणार नाही, त्या दिवशी ती घ्यायला येणार. यंदा थंडीत काका तापानं फणफणले आणि मी त्यांना दवाखान्यात भरती केलं. खाटेवरून हुकूम सुटला, "रॉड लावून दे रे. पोरीले पत्ता नाही लागला पाहिजे." मी इमानानं रॉड लावला आणि पेपर वाचत बसलो. दुपारी तिचा फोन आला.

"दादा, बाबा कुठी हायत?"

"घरीच," मी म्हणालो.

"खोटं काहून बोलता? पाणी कोमट झालं का बाबा रॉड काढतात. आज कोणीतरी उकळवलं." मी दवाखान्याचा पत्ता सांगून टाकला.

काका आता नागपुरात लेकीकडे असतात, घराची किल्ली माझ्याकडे आहे. दिवेलागणीला मी त्यांच्या ओसरीवर जाऊन तो एक बल्ब लावतो. रिकाम्या घरातला एवढासा बल्बही मोबाइलवर उमटतो, पण जरा उशिरानं. तोवर तो जळत ठेवावा लागतो आणि तिकडे काकांचा जीव खालीवर होतो. मी त्यांच्या जागी बसून मीटरचा लुकलुकणारा लाल ठिपका बघत राहतो. मग फोन वाजतो.

"दिसलं रे, घर दिसलं," काका हळूच म्हणतात. आणि लगेच, "आता काहून जाळून राह्यला? बंद कर."

मी बंद करतो. पण लगेच उठवत नाही. उजेड अजून घरातच असतो.